पहिला घटक ऑनलाइन चढवण्याआधी

जूनमध्ये कॉलेजात रुजू झालात की पंधरा दिवसांत कुणीतरी सांगतंच, "तेवढं ई-कंटेंट चढवून टाका, नॅकला लागतं." (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था.) मग आधीच्या सरांच्या नोट्स स्कॅन होतात, साठ स्लाइडच्या पीपीटीची पीडीएफ होते, सगळं एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये पडतं आणि लिंक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. काम झालं असं सगळेच समजतात. त्या फोल्डरमधून कोण काय शिकलं, हे विचारायला कुणी जात नाही.

नाशिक शहरात किंवा जिल्ह्याच्या तालुक्यांतल्या कॉलेजांत नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी मजकूर असा करा की तो फोनच्या पडद्यावर, रेंज नसताना आणि नुसता कानाने ऐकूनही वापरता येईल. मग त्यात विद्यार्थ्याला डोकं चालवायला लावणारे प्रश्न घाला. कुठलं अ‍ॅप, कुठला प्लॅटफॉर्म हा विषय सगळ्यात शेवटी येतो. आपल्याकडे तो सगळ्यात आधी येतो आणि तिथेच अडकतो.

पायरी १. एकच घटक निवडा

सगळा सिलॅबस एकदम डिजिटल करायला घेऊ नका. एक घटक घ्या, शक्यतो असा की ज्यावर दरवर्षी मुलं अडखळतात. तो शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते दोन-तीन वाक्यांत लिहा. "द्राक्षावरील रोगांची माहिती होईल" हे वाक्य चालणार नाही, कारण माहिती झाली की नाही हे कसं तपासणार? "पानावरची लक्षणं पाहून केवडा आणि भुरी यांत फरक करता येईल" हे चालेल. हे वाक्य हातात असलं की साठ स्लाइडमधल्या चाळीस कशासाठी होत्या, असा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडतो.

नमुना शोधायला लांब जायला नको. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. शिक्षक समोर नसताना विद्यार्थी एकटा बसून शिकेल, हे गृहीत धरूनच त्यांची पुस्तकं लिहिली जातात. कुठल्याही विषयाचं एखादं पुस्तक उघडून घटकाची मांडणी बघा: सुरुवातीला उद्दिष्टं, थोडा मजकूर, मध्येच स्वयंअध्ययनाचे प्रश्न. कागदावरची असली तरी ही मांडणी ऑनलाइन नोट्सना जशीच्या तशी लागू पडते. महागडे कोर्स करण्याआधी ही पुस्तकं चाळावीत, असं माझं मत आहे.

पायरी २. वर्गात कोण बसलंय ते विचारा

पहिल्या आठवड्यात कागदावर पाच प्रश्न द्या. गुगल फॉर्मवर नको; ज्याच्याकडे नेट नाही तो फॉर्म भरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल, सगळ्यांकडे नेट आहे.

फोन स्वतःचा आहे की घरात एकच आहे? घरी रेंज कशी असते? अभ्यासाला वेळ कधी मिळतो? घरी कुठली भाषा बोलता? वाचायला, ऐकायला, लिहायला किंवा बसायला काही अडचण येते का, आणि कशाने सोपं जाईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मोठ्याने मागू नका आणि प्रमाणपत्रही मागू नका. प्रमाणपत्राचं काम ऑफिस करेल. तुम्हाला फक्त सोय करायची आहे.

उत्तरं बघा, मग चित्र दिसेल. सुरगाणा-पेठकडून आलेली, होस्टेलवर राहणारी मुलं शनिवारी गावी गेली की सोमवारपर्यंत नेटबाहेर. सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट करून येणारा मुलगा रात्री साडेअकराला नोट्स उघडतो. निफाड-दिंडोरीच्या मुलांना ऑक्टोबरच्या छाटणीत आणि पुढे द्राक्ष उतरवायच्या दिवसांत घरून फोन येतात. बागलाणच्या मुलीच्या घरी अहिराणी, मालेगावच्या मुलाच्या घरी उर्दू, आणि तुमच्या नोट्स अर्ध्या इंग्रजीत. शिवाय कुणाला कमी दिसतं, कुणाला एका कानाने ऐकू येत नाही, कुणी सावकाश वाचतो आणि आजवर 'आळशी' म्हणवून घेत आला आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारांचं अपंगत्व धरलं होतं. नव्यात २१ आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा याच कायद्याने राखीव आहेत. म्हणजे असा विद्यार्थी तुमच्या वर्गात आज नसला, तरी पुढच्या वर्षी असेल. तो आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मजकूर आत्ताच नीट केलेला बरा, आणि त्याचा फायदा सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्यालाही होतो.

पायरी ३. मराठी युनिकोडमध्ये आणा

इथे थोडं थांबू, कारण मराठीतून शिकवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे आणि बाहेरच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये त्याच्याबद्दल बोलत नाहीत.

आपल्या कॉलेजांतल्या बहुतेक जुन्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात, बऱ्याचदा शेजारच्या डीटीपीवाल्याकडून. पडद्यावर 'द्राक्ष' दिसतं, पण फाइलच्या आत तो शब्द नसतोच. आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्याच्या फोनवर तो फॉन्ट नसला की कचरा दिसतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फाइलच्या आतलं वाचतो. तुमची सुंदर छापलेली प्रस्तावना त्याला "कॅपिटल एस, डॉलर, सेमीकोलन" अशा छापाची ऐकू येते. तोच मजकूर फोनमध्ये शोधता येत नाही, शब्दकोशात टाकता येत नाही, भाषांतराला देता येत नाही.

तेव्हा नवं जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे फाइलच्या आतही खरी देवनागरी अक्षरंच राहतील. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर 'मराठी फोनेटिक' कीबोर्डही मिळतो, भाषेच्या सेटिंगमधून चालू करा. फोनवर गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड आहे. टाइपिंगचा कंटाळा असेल तर गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठी ऐकतं. सावकाश, वाक्य संपवत बोला आणि विरामचिन्हं नंतर घाला. फॉन्ट मंगल, निर्मला, नोटो सान्स देवनागरी, मुक्त यांपैकी कुठलाही चालेल.

जुन्या फायलींसाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात. ते वापरा, पण निघालेला मजकूर नजरेखालून घाला. रफार उडतो, 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' बिघडतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. नुसता कागद उरला असेल तर उजेडात सरळ फोटो काढा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गुगल डॉक्समध्ये उघडा' म्हणा. फोटोखाली टाइप झालेला मजकूर येतो. स्वच्छ छपाई असेल तर मराठी चांगलं उचललं जातं. हस्ताक्षर असेल तर फार आशा ठेवू नका.

एक आडवळण. मराठीच्या पीडीएफवर कधीही पूर्ण भरवसा टाकू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलची पीडीएफ केली तरी त्यातून मजकूर कॉपी करून बघा. अनेकदा वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे झालेली असतात. म्हणून पीडीएफबरोबर वर्डची मूळ फाइलही द्या. गुगल डॉक्समधून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, काढता येते. फोनवर ती सगळ्यात छान वाचता येते, अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळ पडद्याबाहेर पळत नाही. "मूळ फाइल दिली तर मुलं कॉपी करतील" ही भीती मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकली आहे. नोट्स मुलांसाठीच आहेत. करू देत की कॉपी.

पायरी ४. मथळ्यांना मथळा म्हणा

मथळा म्हणून आपण काय करतो? अक्षर ठळक करतो, आकार १८ करतो, जमलं तर खाली रेघ मारतो. डोळ्यांना ते मथळा दिसतं. यंत्राला तो फक्त जाड परिच्छेद असतो. वर्ड आणि गुगल डॉक्स, दोन्हीत ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. ती ओळ 'हेडिंग १' होते. उपमथळ्याला २. दिसायला कशी हवी ते स्टाइलमध्ये एकदाच ठरवा.

याचा उपयोग प्रत्यक्ष बघायचा असेल तर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर संगणकावर उतरवून घ्या. विंडोजवर चालतो, फुकट आहे, आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पण वापरणाऱ्यांना त्याची सवय असते. तुमची फाइल वेबपानासारखी ब्राउझरमध्ये उघडा आणि एच हे बटण दाबत जा. मथळे नीट दिलेले असतील तर प्रत्येक दाबाला पुढचा मथळा बोलला जातो, जसे आपण डोळ्यांनी पान चाळतो. नसतील तर एनव्हीडीए सांगतो की पुढे मथळाच नाही. मग अंध विद्यार्थ्याने चौदा पानं पहिल्यापासून ऐकायची.

वर्डमधून पीडीएफ करताना 'सेव्ह अ‍ॅज' वापरा आणि पर्यायांत अ‍ॅक्सेसिबिलिटीसाठी टॅग ठेवायची खूण असते, ती राहू द्या. 'प्रिंट टू पीडीएफ' केलंत तर हे सगळे मथळे हरवतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे आवाजही मराठीचा लागतो. लिंक देताना 'इथे क्लिक करा' लिहू नका. 'केवडा रोगाचे फोटो' असं लिहा. तक्ते साधे ठेवा, घरं एकमेकांत मिसळू नका. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये 'रिव्ह्यू' टॅबखाली 'चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी' असतं. चुका तेच दाखवून देतं. त्याचं सगळंच ऐकायला हवं असं नाही, पण एकदा चालवाच.

पायरी ५. चित्राला शब्द द्या

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा असतो. चित्रावर राइट क्लिक केलं की 'ऑल्ट टेक्स्ट' दिसतं. तिथे काय लिहायचं, यावर मात्र लोक अडतात. 'द्राक्षाचं पान' लिहिलं तर नियम पाळला गेला, पण शिकणाऱ्याच्या हाती काही आलं नाही.

केवड्याच्या फोटोचंच घ्या. शिकवण्याच्या पानावर हा फोटो असेल तर असं लिहा: "केवडा झालेलं द्राक्षाचं पान. वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट डाग; पान उलटल्यावर त्याच डागांखाली पांढरी बुरशी." भुरीच्या फोटोला: "भुरी झालेलं पान. पृष्ठभागावर राख भुरभुरावी तशी पांढुरकी भुकटी." आता तोच फोटो परीक्षेत "हा रोग ओळखा" म्हणून आला, तर रोगाचं नाव गाळा आणि लक्षणं तेवढी ठेवा. म्हणजे एका चित्राचा पर्यायी मजकूर त्या चित्राच्या कामाप्रमाणे बदलतो. कॉलेजचा लोगो, कोपऱ्यातलं फूल, रंगीत पट्टी यांना 'सजावट' अशी खूण करून टाका, वाचली जाणार नाहीत.

ही वाक्यं लिहिताना आणखी एक गोष्ट होते. चित्रात नेमकं काय बघायचं, हे तुम्ही पहिल्यांदाच शब्दांत मांडता, आणि तेच वाक्य चित्राखाली सगळ्यांसाठी छापलं तर डोळस मुलांचाही गोंधळ कमी होतो. आलेख आणि आकृत्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. गणिताची सूत्रं फोटो म्हणून चिकटवू नका, वर्डच्या इक्वेशनमध्ये लिहा; फोटोतलं सूत्र कुठलाच स्क्रीन रीडर सांगणार नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मापदंडात साध्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा लागतो. पांढऱ्यावर पिवळं या कसोटीत कुठेच बसत नाही हे दिसतंच. पण आपल्या लाडक्या भडक लाल अक्षरांचा फरकही पांढऱ्यावर ४ ला १ च्या आसपासच भरतो, म्हणजे बारीक अक्षरांना तोही कमी. "लाल रंगातले मुद्दे महत्त्वाचे" असं तर मुळीच लिहू नका. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे वर्गात असतात. 'महत्त्वाचं' हा शब्द लिहा.

पायरी ६. व्हिडिओ लहान, सोबत ऑडिओ आणि लेखी मजकूर

पन्नास मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून चढवणं हा सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग आहे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास आला. व्हिडिओ कितीही लांब असो, टिकण्याच्या वेळेप्रमाणे रांग लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ सहा मिनिटांपलीकडे गेला नव्हता. तेव्हा एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्या. स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवू नका. स्लाइडवर आकृती ठेवा आणि तोंडाने समजावून सांगा. आणि "हे इथे बघा, हे असं इकडे जातं" असं बोलू नका. "डावीकडच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते" असं बोला, म्हणजे नुसतं ऐकणाऱ्यालाही कळेल.

रेकॉर्डिंगआधी बोलायचं आहे ते लिहून काढलं असेल तर तुमचा लेखी मजकूर तयारच आहे. तो व्हिडिओसोबत द्या. ऐकू न येणाऱ्याला तो लागतो, परीक्षेच्या आदल्या रात्री मुद्दा शोधणाऱ्यालाही लागतो. आपोआप होणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका. संज्ञा आणि गावांची नावं त्यात हमखास बिघडतात, एकदा बसून दुरुस्त करा.

आता डेटाचा हिशोब. बोलण्याची ऑडिओ ३२ केबीपीएसवर ठेवली तर दहा मिनिटं साधारण अडीच एमबीत बसतात. त्याच दहा मिनिटांचा व्हिडिओ साध्या दर्जाचा केला तरी त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओची नुसती ऑडिओ वेगळी काढून द्या. सुरगाण्याच्या गाडीत बसण्याआधी सीबीएस बसस्टँडवर उभ्या-उभ्या ती उतरवून घेता येते आणि घाटात रेंज गेली तरी ऐकता येते.

पायरी ७. प्रश्न घाला, भरपूर घाला

आत्तापर्यंत सगळ्यांना मजकूर मिळेल अशी सोय झाली. शिकणं अजून झालेलं नाही. मुलं अभ्यास म्हणजे 'वाचून काढणं' समजतात, आणि पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या परीक्षा पाच मिनिटांनी नसतात.

म्हणून प्रत्येक छोट्या भागानंतर तीन-चार प्रश्न द्या. त्यांना गुण ठेवू नका, किंवा नाममात्र ठेवा. गुण आले की उत्तरं ग्रुपवर फिरतात. कितीही वेळा सोडवू द्या. आणि पुढच्या घटकात मागच्या घटकाचे दोन प्रश्न मुद्दाम मिसळा. विसरायला लागल्यावर आठवावं लागलं, की पक्कं बसतं.

गुगल फॉर्म 'क्विझ' केला की पर्यायांच्या प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या आणि बरोबर उत्तरावर वेगवेगळा अभिप्राय लिहिता येतो. खरं शिकवणं इथे आहे. "चूक, बरोबर उत्तर ब" एवढ्याने काही होत नाही. "तुम्ही भुरी निवडलीत. पांढरं दोन्हींत दिसतं, पण इथे ते फक्त खालच्या बाजूला आहे आणि वर तेलकट डाग आहेत, ते पुन्हा बघा" असं लिहा. एका प्रश्नाचा अभिप्राय लिहायला दहा मिनिटं जातात, पण पुढची अनेक वर्षं तो तुमच्याऐवजी बोलतो.

मराठीत एकशब्दी उत्तरं मागाल तर जपून. यंत्र अक्षर न् अक्षर जुळवतं. 'द्राक्ष' बरोबर धरलं असेल तर 'द्राक्षे' चूक ठरतं. आकडा मराठीत लिहिला की इंग्रजीत, यावरही उत्तर चुकतं. चालणारी सगळी रूपं आधीच टाका किंवा असे प्रश्न पर्यायांचे करा. ओढून जुळवायचे रंगीबेरंगी खेळ दिसायला छान असतात, पण ज्याचा हात थरथरतो किंवा जो नुसत्या कीबोर्डवर काम करतो, तो तिथेच अडकतो. जोड्या लावायच्याच असतील तर यादीतून निवडायच्या ठेवा.

एआयकडून प्रश्न काढून घेणारे आता पुष्कळ आहेत. कच्चा माल म्हणून ठीक. पण मराठी संज्ञा तो मनाने बनवतो आणि ठाम आवाजात चुकीचं उत्तरही देतो, तेव्हा प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय पुढे पाठवू नका.

पायरी ८. उत्तर देण्याचे रस्ते आणि वेळ

उद्दिष्ट 'फरक ओळखता येणे' असेल तर ते चार पानी असाइनमेंटमधूनच दाखवलं पाहिजे असं कुठे आहे? तीन मिनिटांची ऑडिओ चालेल, बागेतल्या पानाचे फोटो आणि खाली दोन-दोन ओळी चालतील, कागदावर लिहून काढलेला फोटोही चालेल. कसोटी मात्र सगळ्यांना एकच लावा आणि ती आधी सांगा. उद्दिष्टच लेखनकौशल्य असेल, तर अर्थातच लिहायलाच लावा.

वेळेच्या बाबतीत नियम आहे. लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ऑनलाइन चाचणीत ही वेळ यंत्राला सांगावी लागते. मूडलमध्ये (कॉलेजं ऑनलाइन वर्गासाठी वापरतात ती प्रणाली) चाचणीच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरराइड' आहे, एका विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवता येते. ते चाचणीच्या आदल्या दिवशी करा. चालू चाचणीत घड्याळ थांबवण्याची धांदल कुणालाच नको असते.

सबमिशनची तारीख सोमवारी सकाळची ठेवू नका, गावी गेलेली मुलं हुकतात. बुधवार किंवा गुरुवार बरा. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वण्यांच्या दिवशी पंचवटीतून कॉलेज रोडला यायचं म्हणजे काय, हे २०१५ पाहिलेल्यांना सांगायला नको. त्या आठवड्यांचं काम आत्ताच घरून करता येईल असं आखून ठेवा.

पायरी ९. आता प्लॅटफॉर्म

कॉलेजचं मूडल असेल तर मूडल, नसेल तर गुगल क्लासरूम. भांडण्यासारखं काही नाही. पण जागा एकच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग फक्त "घटक ३ चढवला आहे" हे सांगायला करा. फाइल तिथे टाकली की ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. प्रत्येक घटकाची मांडणी सारखी ठेवा: आधी उद्दिष्टं, मग वाचन, ऐकणं, प्रश्न, काम. शेवटी संज्ञांची छोटी यादी द्या, इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्यांना तिचा फार आधार होतो.

पायरी १०. डोळे मिटून तपासा

स्वतःचा अँड्रॉइड फोन घ्या. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टॉकबॅक' हा फोनचा स्क्रीन रीडर आहे. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते बघून ठेवा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबायचा शॉर्टकट आधी लावून घ्या. नाहीतर फोन हातात घेऊन दुसऱ्याला शोधत फिराल, कारण टॉकबॅक लागला की एका टिचकीने काहीच उघडत नाही. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट बोलली जाते, दोनदा टिचकी मारली की उघडते.

आता पडदा न बघता तुमचा घटक उघडा, दुसऱ्या मथळ्यापर्यंत जा आणि पहिला प्रश्न सोडवा. जिथे अडकाल ते टिपून ठेवा. मग टॉकबॅक बंद करून फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि काय काय उघडतं ते बघा. त्यानंतर वर्गातल्या दोघा-तिघांना, त्यांत एक कच्चा विद्यार्थी असलाच पाहिजे, तुमच्यासमोर बसून घटक वापरायला सांगा. तुम्ही गप्प बसा. शिक्षकाला हे सगळ्यात अवघड जातं.

अंध विद्यार्थी असेल आणि संदर्भपुस्तक फक्त छापील असेल, तर त्याच्यासाठी ते स्कॅन करून वाचण्याजोगं करायला कॉपीराइट आड येत नाही; २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात तशी मुभा दिली आहे. मात्र ती प्रत सगळ्या वर्गाला वाटायची नाही. त्याआधी 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, २०१६ पासून चालू आहे. वाचता येतील अशा स्वरूपातली भारतीय भाषांतली पुस्तकं तिथे असतात, कदाचित तुमचं पुस्तक कुणीतरी आधीच करून ठेवलं असेल.

घटक पंधरा दिवस वापरून झाला की फॉर्मचे किंवा मूडलचे निकाल उघडा, आणि गुणांची बेरीज न बघता एकेका प्रश्नाकडे बघा. ज्या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेला असेल, तो पर्याय फळ्यावर लिहून पुढचं लेक्चर तिथून सुरू करा. प्रश्नाची भाषा गोंधळाची असेल तर प्रश्न बदला. प्रश्न ठीक असेल तर त्याआधीचा परिच्छेद पुन्हा लिहा. दुसरा घटक दिवाळीच्या सुट्टीत हाती घेतला तरी चालेल.